संगणक प्रणाली अद्ययावत करण्याबाबत विचारविनिमय करणे

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावची एखादी जुनी सहकारी पतसंस्था निवडून तिच्या संचालक मंडळाच्या कार्यक्रमपत्रिका ओळीने वाचल्यास, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे आणि अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे या दोन अजरामर विषयांच्या मधोमध ‘संगणक प्रणाली अद्ययावत करण्याबाबत विचारविनिमय करणे’ हा तिसरा विषयही तितक्याच चिकाटीने ठाण मांडून बसलेला आढळतो. त्यावर विचार होतो, विनिमय होतो, चहा-बिस्किटे होतात आणि सखोल अभ्यासासाठी विषय पुढील सभेपुढे ठेवावा असे सर्वानुमते ठरते. निवडणुकीत एकमेकांच्या पॅनेलवर गैरकारभाराचे आरोप करणारे दोन गट आळीपाळीने सत्तेवर आले, तरी या एका बाबतीत संस्थेचे धोरण तसूभरही ढळत नाही. सहकारात सातत्य उरले नाही असे म्हणणाऱ्यांनी या विषयाचा इतिहास अवश्य अभ्यासावा.

ज्या प्रणालीविषयी हा विचार चालतो ती बहुधा फॉक्सप्रोमध्ये लिहिलेली असते. फॉक्सप्रो हा डेटाबेस हाताळणारा, म्हणजे नावे, खाती, रकमा आणि तारखा रकान्यांत साठवून हवी ती नोंद शोधून देणारा प्रोग्राम असून तो डीबेस नावाच्या त्याहून जुन्या प्रोग्रामच्या कुळातला आहे. या कुळाचा इतिहास अभ्यासकाला सावध करणारा आहे, कारण डीबेसची बाजारात आलेली पहिलीच आवृत्ती ‘दोन’ या क्रमांकाने विकली गेली आणि ती विकणाऱ्या अ‍ॅश्टन-टेट या अमेरिकी कंपनीत टेट होते, परंतु अ‍ॅश्टन नावाचा भागीदार कोणीच नव्हता. म्हणजे अद्ययावत करण्याजोगे काही हाती येण्यापूर्वीच वस्तू अद्ययावत झाली होती. फॉक्सप्रो तयार करणारी कंपनी १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, पुढे व्हिज्युअल फॉक्सप्रो या नावाने कूळ वाढले, २००४ मध्ये नववी आवृत्ती निघाली, २००७ मध्ये दहावी निघणार नाही असे जाहीर झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने उरलेसुरले साहाय्यही थांबवले. ही वार्ता यथावकाश पतसंस्थेपर्यंत पोचते, तेव्हा अध्यक्ष सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतात, “म्हणजे आता त्यात काही बदल होणार नाही. बरंच झालं की!”

प्रणालीचा कर्ता म्हणून वार्षिक अहवालात कोणत्याही कंपनीचे नाव सापडत नाही, कारण तो सहसा तत्कालीन उपाध्यक्षांचा भाचा असतो. तो महाविद्यालयाच्या उन्हाळी सुट्टीत मामाकडे आलेला असतो, त्याच्या हातून घरातले दोन पंखे दुरुस्त झालेले असतात आणि त्यावरून त्याला संगणकातले कळते असा निष्कर्ष संचालक मंडळाने काढलेला असतो. मानधन म्हणून त्याला शाल, श्रीफळ आणि मनगटी घड्याळ मिळते. संस्थेला त्या बदल्यात पुढील कित्येक दशकांची व्यवस्था मिळते. प्रोग्रामचे दोन देह असतात, एक माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर आणि दुसरे यंत्राने चालवावे म्हणून केलेले त्याचे रूपांतर; त्यांपैकी रूपांतर संगणकावर चालत राहते आणि मूळ मजकुराची एकमेव फ्लॉपी तिजोरीत राहून दरवर्षी लक्ष्मीपूजनाला वह्यांच्या शेजारी पाटावर मांडली जाते. तिच्या पत्र्याच्या झडपेतून इतक्या दिवाळ्यांचे हळदकुंकू आत गेलेले असते की, ती वाचू शकणारे यंत्र आज सापडले असते तरी त्याला मजकुराऐवजी सौभाग्यच मिळाले असते.

प्रणाली चालवण्याची पद्धत लेखी स्वरूपात कोठेही उपलब्ध नसून ती मौखिक परंपरेने जतन केली जाते. दिवसाची अखेर करताना, म्हणजे त्या दिवसाचे व्यवहार मिटवून दुसऱ्या दिवसाची तारीख उघडताना, एस्केपची कळ दोनदा दाबायची असते. नव्याने रुजू झालेल्या लिपिकाने “दोनदा का, काका?” असे विचारले, तर ज्येष्ठ लिपिक “एकदा दाबून बघ” एवढेच उत्तर देतात, तो एकदा दाबतो, पिग्मीचे, म्हणजे एजंटांनी दुकानोदुकानी फिरून जमवलेल्या रोजच्या ठेवींचे, दिवसभराचे आकडे पडद्यावरून नाहीसे होतात आणि तो पुन्हा कधीही प्रश्न विचारत नाही. प्रोग्रामला काही खुपले की फॉक्सप्रो इंग्रजीत एक संदेश दाखवून कॅन्सल, सस्पेंड आणि इग्नोर असे तीन पर्याय पुढे करतो. त्यांपैकी कॅन्सल म्हणजे कामच रद्द आणि सस्पेंड हा शब्द पगारदार माणसाला मुळातच अशुभ, तेव्हा इग्नोर हाच पर्याय निवडला जातो. संस्थेचे अन्य तक्रारींबाबतचे धोरणही हेच असल्यामुळे त्यासाठी वेगळ्या प्रशिक्षणाची गरज पडलेली नसते.

या कुळातील प्रोग्रामांची आणखी एक खासियत अशी की, त्यांत एखादी नोंद ‘डिलीट’ केली असता ती जात नाही. तिच्यावर केवळ खोडल्याची खूण होते आणि ‘पॅक’ हा स्वतंत्र हुकूम दिल्यावरच ती खरोखर नष्ट होते. पॅक चालू असताना वीज गेली तर सबंध तक्ताच हातचा जाण्याचे भय असते. भारनियमनाच्या काळात हा धडा संस्थेने इतका मनावर घेतलेला असतो की, त्यानंतर पॅक कोणीही दिलेला नसतो आणि संस्थेच्या स्थापनेपासून निधन पावलेले सर्व सभासद खुणेसह जागच्या जागी नांदत असतात. खोडलेल्या नोंदी लपवण्याची सोय चुकून बंद राहिली की ही सारी मंडळी यादीत परततात, त्यांना वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिसा जातात आणि मग एखाद्या घरातून निरोप येतो, “अण्णांना जाऊन बारा वर्षं झाली.” व्यवस्थापक दिलगिरी व्यक्त करतात, परंतु त्याच यादीच्या आधारे गणपूर्तीचे गणित मांडायचे असल्यामुळे किती अण्णा हजर धरावेत, याविषयी मंडळात मतभेद होतात.

देवनागरीचा प्रश्न याहून गहन आहे. डॉसच्या, म्हणजे काळ्या पडद्यावर अक्षरे उमटवणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या काळात मराठी लिहिण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकाच्या आतील खाचेत बसवावे लागे. पुढे संगणक बदलले, ती खाचच नाहीशी झाली, आणि केवळ त्या कार्डासाठी एक वयोवृद्ध संगणक खोलीच्या कोपऱ्यात सन्मानाने ठेवावा लागला. शिवाय त्या पद्धतीत प्रत्येक काना, वेलांटी आणि हलन्त यांना स्वतंत्र जागा लागत असे, त्यामुळे ‘श्रीकृष्ण’ हे दिसायला तीन अक्षरांचे नाव नऊ जागा व्यापत असे. भाच्याने नावासाठी पंचवीस जागा ठेवल्या होत्या, कारण त्याला पंचवीस पुष्कळ वाटले होते. परिणामी श्रीकृष्ण विष्णुपंत कुलकर्णी हे सभासद संगणकात गेले आणि ‘श्रीकृष्ण विष्णुपंत कुलकर’ होऊन बाहेर आले. त्यांचे पासबुक, भागदाखला आणि लाभांशाची पावती या नावाने निघाली, वारस म्हणून सौ. कुलकर यांची नोंद झाली, आणि आता नातू पॅन कार्ड घेऊन आला तर त्यालाच विचारले जाते, “पण तुम्ही कुलकर्णी कसे?”

तारखांची कथा तर प्रत्यक्ष काळालाच वळसा घालणारी आहे. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवण्याच्या सवयीमुळे २००० साल उजाडताना जगभर धावपळ झाली, तेव्हा अशा असंख्य लहान प्रोग्रामांत एक तात्पुरता उपाय करण्यात आला होता: आकडा तीसपेक्षा लहान असेल तर त्यामागे वीस लावावे, अन्यथा एकोणीस. तीस साल तेव्हा कल्पनेपलीकडे दूर होते आणि तोपर्यंत प्रणाली बदललेली असेल, याविषयी तर कोणालाच शंका नव्हती. त्यामुळे आज एखाद्याने २०३१ मध्ये मुदत संपणारी ठेव ठेवली, तर तिची मुदत १९३१ मध्ये, म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम होण्याच्या सुमारे तीस वर्षे आधी, संपलेली दिसते. ठेवीदार चाणाक्ष असेल तर तो पावती उलटसुलट पाहून शांतपणे विचारतो, “मग थकीत व्याज रोखीनं देणार का खात्यात?”

यंत्रांचा वेगही या प्रणालीच्या मुळावर आलेला आहे. फॉक्सप्रोच्या काही आवृत्त्या सुरू होताना यंत्राचा वेग मोजत असत. यंत्र प्रमाणाबाहेर चपळ निघाले की मोजणीला लागलेला वेळ शून्य भरे, मग त्या शून्याने भागण्याचा प्रसंग येई आणि प्रोग्राम तेथेच कोसळे. सरकारी अनुदानातून नवा संगणक घेऊन तो फार जलद असल्याची तक्रार पुरवठादाराकडे करणारी ग्राहकजमात त्यामुळे प्रथमच अस्तित्वात आली. छपाईचेही तसेच: प्रोग्रामला छपाईयंत्र एका विशिष्ट जुन्या जोडणीवरच हवे असते, नव्या संगणकाला ती जोडणीच नसते, म्हणून जाणकार मंडळी छपाईयंत्र नेटवर्कवर सामाईक करतात आणि मग संगणक शेजारच्याकडून मागून आणावे तसे आपलेच छपाईयंत्र स्वतःकडून उसने घेऊन पासबुक छापतो. यावर कळस म्हणजे ६४-बिट विंडोज डॉसचे १६-बिट प्रोग्राम थेट चालवतच नाही, आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते.

इतके झाल्यावर विषय पुढे सरकवणे भाग पडते आणि नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवली जातात. पहिला विक्रेता सर्व माहिती क्लाउडवर, म्हणजे दूरच्या कोणाच्या तरी संगणकावर, ठेवावी असे सुचवतो. त्यावर एक संचालक “आणि पावसाळ्यात?” असा प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर देता न आल्यामुळे विक्रेता बाद होतो, वास्तविक पावसाळ्यात गावची इंटरनेटची तार तुटते एवढेच संचालकांना म्हणायचे असते. दुसरा विक्रेता मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची शिफारस करतो, परंतु गावातील दुसऱ्या एका संस्थेने फार पूर्वी अ‍ॅक्सेस ९७ घेतल्याची आणि तिची फजिती झाल्याची वार्ता सर्वांना ठाऊक असते. अ‍ॅक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या अ‍ॅक्सेस ९७ च्या फायली उघडतच नाहीत, त्यामुळे नव्यात जाण्यासाठी आधी मधल्या काळातली एखादी आवृत्ती मिळवून फायली तीत उतरवाव्या लागतात. म्हणजे ज्यांनी जुने टाकून नवे घ्यायचे त्यांना आधी आणखी एक जुने शोधावे लागते. “आपलं तसं नाही, आपलं मुळातच जुनं आहे,” असे उपाध्यक्ष अभिमानाने नमूद करतात. तिसरे दरपत्रक सर्वांत कमी रकमेचे असते आणि ते विद्यमान उपाध्यक्षांच्या पुतण्याचे असते.

या ठिकाणी अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर सांगितलेल्या कोणत्याही अडचणीमुळे निर्णय अडलेला नसतो. अडचणी आहेत म्हणून तर विषय सन्मानाने पुढे ढकलता येतो. खरी भीती वेगळीच असते, आणि ती पहिल्यांदा उघड होते ती विक्रेत्याचा तरुण प्रोग्रामर जुन्या माहितीची छाननी करू लागतो तेव्हा. जुन्या प्रणालीने कोणाला कधी काही विचारले नव्हते. मोबाइल क्रमांक, वारस, पॅन यांचे रकाने तीत रिकामे चालत, ‘पत्ता’ या रकान्यात ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढे पुरे होई आणि एकाच गल्लीतल्या दोन शांताबाई जाधवांपैकी कोणती कोणती, हे यंत्राऐवजी ज्येष्ठ लिपिकाला ठाऊक असे. नवी प्रणाली मात्र लाल चांदणीने अंकित केलेले रकाने भरल्याखेरीज पुढे जाऊ देत नाही, आणि अशी चौकशी निमूटपणे सहन करण्याची संस्थेला सवय नसते.

त्यातच तरुण एके दिवशी व्यवस्थापकांना विचारतो, “सर, खाते क्रमांक ९९९ कोणाचं?”

“ते राहू द्या तसंच.”

“पण त्यात रोज काहीतरी जमा-नावे होतंय.”

“म्हणूनच म्हटलं, राहू द्या.”

या ९९९ चे मूळ शोधण्यासाठी भारतीय वेळेनुसार पहाटे न्यू जर्सीला दूरध्वनी केला जातो, कारण भाचा आता तेथे एका मोठ्या कंपनीच्या माहितीसाठ्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी सांभाळत असतो. तो प्रथम फॉक्सप्रो हा शब्द ऐकून गहिवरतो, मग मामांच्या प्रकृतीची चौकशी करतो आणि शेवटी सांगतो, “अहो, तेरीज जुळत नव्हती. मामा म्हणाले, काही कर पण तेरीज जुळली पाहिजे. मग जो फरक येईल तो ९९९ मध्ये टाकायला लावला.” तेरीज म्हणजे सर्व खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंचा ताळा घेणारे पत्रक. ती पहिल्याच फटक्यात जुळते, ही संस्थेची पंचक्रोशीतील ख्याती होती. प्रत्येक वार्षिक अहवालात या गोष्टीचा गौरवाने उल्लेख झाला होता, लेखापरीक्षकांनी समाधान व्यक्त केले होते, आणि मार्चअखेरीस रात्र-रात्र बसूनही ज्यांचे आकडे जुळत नसत अशा शेजारच्या संस्थांचे कर्मचारी येथे येऊन, तुमच्याकडे कोणती प्रणाली आहे, याची चौकशी करून गेले होते.

तेव्हा जुन्या प्रणालीवरील निष्ठेचा उगम जुनेपणाच्या प्रेमात शोधणे फारसे उपयोगाचे नाही. ती मागाहून प्रश्न विचारत नाही, मेलेल्यांना मारत नाही, आणि दिवसाच्या अखेरीस सर्व काही जुळले असे सांगते. एवढे तीन गुण एकत्र असलेला कर्मचारी मिळणे कोणत्याही आस्थापनेत दुर्मीळ होय. या बाबतीत पतसंस्थांनाच नावे ठेवण्याचेही कारण नाही. जुन्या प्रणालींच्या त्रुटींवर विवेचन करणारे लेखकही आपले लेख वर्षानुवर्षे सवयीच्या जुन्याच फाँटमध्ये टंकलिखित करतात, आणि संपादकांच्या संगणकावर त्या लेखाच्या जागी डॉलर, कंस आणि टक्क्यांची चिन्हे उमटली की संपादकांनाच फाँट बसवून घेण्याचा सल्ला देतात.

अखेर निर्णय होतोच, आणि तो सहकाराच्या समन्वयी परंपरेला साजेसा असतो. नवे संगणक घेतले जातात आणि त्यांवर डॉसबॉक्स, म्हणजे नव्या यंत्राला आपण जुने यंत्र आहोत असे सोंग वठवायला लावणारा प्रोग्राम, बसवून त्यात फॉक्सप्रो चालू ठेवला जातो. त्याच्या शेजारीच पुतण्याची नवी प्रणालीही सुरू होते आणि तीन महिने दोन्ही समांतर चालवाव्यात असा ठराव होतो. समांतर चालवणे म्हणजे प्रत्येक नोंद दोनदा करणे आणि सायंकाळी दोहोंचे आकडे ताडून पाहणे. आकडे वेगळे आले की नव्या प्रणालीत चूक आहे असे गृहीत धरले जाते, कारण जुनीची तेरीज जुळलेली असते आणि नवीची नसते. तीन महिन्यांना मुदतवाढ मिळते, मुदतवाढीलाही मुदतवाढ मिळते, आणि कामाचा ताण दुप्पट झाल्याबद्दल कर्मचारी संगणकीकरणालाच दोष देऊ लागतात.

मग व्यवस्थापक नव्या प्रणालीत अपेक्षित असलेल्या सुधारणांची यादी लेखी देतात. पडदा निळा असावा आणि अक्षरे पांढरी. माऊसशिवाय सर्व कामे व्हावीत. दिवसअखेरीस एस्केप दोनदा दाबल्यावरच पुढे जाता यावे. लाल चांदण्या काढून टाकाव्यात. छापून ठेवलेली पासबुके वाया जाऊ नयेत यासाठी नावाचा रकाना पंचवीसच जागांचा ठेवावा. खोडलेली नोंद नाहीशी होऊ नये. आणि खाते क्रमांक ९९९ ची तरतूद असावी. तरुण प्रोग्रामर पहिल्या दिवशी हसतो, दुसऱ्या दिवशी वाद घालतो आणि तिसऱ्या दिवसापासून मुकाट्याने कामाला लागतो, कारण देयकाचा उरलेला अर्धा हप्ता प्रणाली समाधानकारक असल्याच्या दाखल्यानंतरच मिळणार असतो. यथाकाल तेरीज पहिल्याच फटक्यात जुळते, मंडळ अभिनंदनाचा ठराव करते आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर ‘संपूर्ण अद्ययावत संगणकीकृत संस्था’ ही ओळ छापली जाते. एवढे करून देणाऱ्या त्या तरुणाचा शाल, श्रीफळ आणि मनगटी घड्याळ देऊन सत्कार होतो. त्याच महिन्यात त्याला हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी लागते, आणि मुख्य पासवर्ड विचारायचा राहिला हे पंधरा दिवसांनी, एस्केपची कळ चुकून एकदाच दाबली गेल्यावर, सर्वांच्या लक्षात येते.